उंची वाढवायला इस्तंबूलला जाताना: हाड कापण्यापासून सळई काढेपर्यंतचा हिशेब

उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेत पायाचे हाड कापून त्याची टोके हळूहळू दूर नेतात, आणि मांडीचे हाड असे दिवसाला १ मिलिमीटर लांबवता येते. ६ सेंटिमीटर हवे असतील तर शस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवस नुसते थांबायचे, मग ६० दिवस लांबवायचे, आणि मग मधल्या फटीत तयार झालेले कोवळे हाड टणक व्हायला आणखी तीन ते पाच महिने द्यायचे. पूर्ण प्रवासाला दर सेंटिमीटरमागे एक ते दीड महिना धरला तर फारसे चुकत नाही. नोकरीतली रजा, व्हिसा, भाड्याचे घर, सोबतीला येणाऱ्या भावाचे किंवा आईचे तिकीट, सगळे या एका मिलिमीटरवर बसते. 'तीन आठवड्यांत घरी' अशी जाहिरात दिसली की हाच हिशेब लावून पाहा: तीन आठवड्यांनी हाड जेमतेम दीड सेंटिमीटर लांबलेले असते आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो.

हा वेग ठरला सायबेरियातल्या कुर्गान शहरात. गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तारा आणि कड्यांची चौकट वापरून हाड कापायचे, थोडे थांबायचे आणि हळूहळू ताणायचे, असे तंत्र बसवले. ते मोडलेली, न जुळणारी, वाकडी हाडे सरळ करण्यासाठी होते. निव्वळ उंचीसाठी ते वापरणे पुढे आले. वेग जास्त ठेवला तर फटीत हाड धरत नाही आणि नसा ताणल्या जातात. कमी ठेवला तर हाड वेळेआधीच जुळून बसते आणि पुन्हा कापावे लागते. चीनने २००६ मध्ये निव्वळ सौंदर्यासाठी हे करण्यावर बंदी घातली. तुर्कस्तान, जर्मनी, स्पेन, अमेरिका, दक्षिण कोरिया इथे ते चालते आणि भारतातही होते. अमेरिकेत खर्च साधारण ७५ हजार डॉलरपासून पुढे जातो, इस्तंबूलमध्ये त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी पैशांत होतो. म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक इस्तंबूलचाच विचार करतात आणि पुढचे सगळे तेच शहर धरून लिहिले आहे.

आधी, कोणी जाऊ नये

तंबाखू सुटत नसेल तर जाऊ नका. इथे सिगारेट, विडी, गुटखा, मावा आणि मिश्री सगळे एकच. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि नवे हाड धरायला रक्तपुरवठाच लागतो. शस्त्रक्रियेआधी किमान दोन महिने आणि हाड पक्के होईपर्यंत पूर्ण बंद. निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमही नको, त्यातही तेच असते.

हाडांची वाढ थांबलेली नसेल, मधुमेह आवाक्यात नसेल, वजन फार असेल किंवा आधी कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर विषय तिथेच थांबतो. चाळिशीनंतर हाड धरते, पण सावकाश. आणि आरशासमोर दिवसाचे तास जात असतील, आधी नाक, मग केस, आता उंची असा क्रम असेल, तर शल्यविशारदाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. चांगले केंद्र ही तपासणी स्वतःहून मागते. जे केंद्र मागत नाही, ते आणखी काय काय मागत नाही हा विचार करा.

महाराष्ट्र पोलीस भरतीची १६५ सेंटिमीटरची अट गाठायला म्हणून कोणी विचारत असेल तर उत्तर सरळ आहे: करू नका. वैद्यकीय तपासणीत व्रण आणि एक्स-रेमधली सळई लपत नाही, आणि त्या पायांवर भरतीची धाव काढायला कमीत कमी वर्ष दीड वर्ष लागेल.

मांडी की नडगी, आणि कोणती सळई

पहिल्यांदा करणाऱ्याने मांडीच निवडावी असे आमचे मत आहे. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचे जाड आवरण असते, रक्तपुरवठा चांगला असतो, हाड लवकर धरते. नडगी पुढच्या बाजूला नुसत्या कातडीखाली असते, तिथे हाड हळू भरते, म्हणून वेगही बहुधा दिवसाला पाऊण मिलिमीटरच ठेवावा लागतो. शिवाय शेजारचे बारीक हाडही कापावे लागते आणि ते घोट्यापाशी वर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना स्क्रू लागतात. आणि पोटरीचा स्नायू ताणला जाऊन टाच जमिनीला टेकेनाशी होते, हे नडगीचे सगळ्यात मोठे दुखणे.

मर्यादा लक्षात ठेवा: मांडीत ५ ते ६.५ सेंटिमीटर हे समंजस ध्येय, ८ ही शेवटची रेघ. नडगीत ५. नडगीची लांबी मांडीच्या सुमारे ०.८ पट असते. फक्त मांडीत ८ वाढवले की बसल्यावर गुडघे पुढे येतात आणि चालही वेगळी दिसते. मांडी तिच्या स्वतःच्या अक्षावर लांबते, खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या सरळ रेषेवर नाही, म्हणून दर सेंटिमीटरला ती भाररेषा सुमारे १ मिलिमीटर बाहेर सरकते आणि गुडघे किंचित आत झुकतात. ज्यांचे गुडघे आधीच एकमेकांना घासतात त्यांनी हा मुद्दा शल्यविशारदाकडे नावानिशी काढावा.

इस्तंबूलमध्ये दोन मार्ग जास्त दिसतात. पहिला, हाडाच्या पोकळीत साधी सळई आणि बाहेरून फिक्सेटर, म्हणजे पिनांनी हाडाला धरलेली चौकट. लांबवून झाले की दुसऱ्या शस्त्रक्रियेत सळईला खालचे स्क्रू घालून बाहेरची चौकट काढतात. स्वस्त आहे, पण बाहेरून येणारी पिन आणि आतली सळई जवळजवळ असल्याने पिनेचा जंतुसंसर्ग पोकळीत उतरण्याची भीती राहते. दुसरा मार्ग चुंबकावर चालणाऱ्या सळईचा. प्रिसाइस हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. बाहेर काही नसते, मांडीवर एक यंत्र धरले की आतला चुंबक फिरतो आणि सळई लांबते, १ मिलिमीटरला साधारण ७ मिनिटे. महाग आहे, आणि टायटॅनियमची असल्याने पूर्ण वजन पेलत नाही: जाडीनुसार एका पायावर जेमतेम १५ ते ३५ किलो. दोन्ही पाय एकाच वेळी केले असतील तर महिनोन्महिने व्हीलचेअर आणि वॉकर, हे आधीच मान्य करा.

'पहिल्या दिवसापासून चाला' अशा सळया बाजारात आल्या होत्या. त्यांतली स्टेनलेस स्टीलची स्ट्राइड २०२१ मध्ये परत मागवली गेली, कारण जोडाच्या जागी गंज आणि भोवतालच्या हाडात बदल दिसू लागले. तेव्हा ज्यांच्या अंगात ती होती त्यांना आपली सळई नेमकी कोणती, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सळईच्या पाकिटावरचा स्टिकर, त्यावरचा लॉट क्रमांक आणि आकार, याचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा.

घर सोडण्याआधीचे तीन महिने

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर हवे. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरात आणि दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांत, ते १० ते १५ निघणे अजिबात नवे नाही, आणि भरून काढायला दोन ते तीन महिने लागतात. बी १२ आणि हिमोग्लोबिन त्याच वेळी पाहा. प्रथिने वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, म्हणजे वरणभात आणि दोन पोळ्यांवर ते भागत नाही. डाळ, पनीर, दही, अंडी, गरज पडली तर प्रथिनांची पूड, हे आधीच अंगवळणी पाडा.

खुब्यापासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेला लांब एक्स-रे पुण्या-मुंबईत सहज होतो. त्यावरून दोन्ही पायांची मूळ लांबी, गुडघ्याची रेषा आणि हाडाच्या पोकळीची रुंदी मोजतात. सळई बसवताना पोकळी सळईपेक्षा सुमारे २ मिलिमीटर जास्त कोरावी लागते. ज्यांचे हाड अरुंद किंवा आखूड आहे त्यांना हवी ती सळई बसतच नाही, आणि हे इथे कळलेले बरे, तिथे पैसे भरल्यावर नाही.

ताणाचे व्यायाम आत्तापासून. मांडीच्या पुढचा आणि मागचा स्नायू, खुब्याचा पुढचा भाग, पोटरी. उकिडवे बसून टाचा टेकत नसतील तर पोटरी आधीच आखूड आहे, नडगी करायची असेल तर हे गंभीरपणे घ्या. पुढे बरेच महिने मांडी घालून बसता येणार नाही, पाट-चौरंग विसरा. घरी भारतीय संडास असेल तर परत येण्याआधी कमोड बसवून घ्या, कोणाला तरी सांगून.

आणि जाण्याआधीच इथला एक अस्थिरोगतज्ज्ञ नक्की करा, जो लांबवलेले हाड एक्स-रेवर वाचू शकतो आणि तुम्हाला परत आल्यावर हातात घ्यायला तयार आहे. गावातला नेहमीचा हाडांचा डॉक्टर याला पुरत नाही. इलिझारोव्ह तंत्र वर्षानुवर्षे वापरणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत, अकोल्यात तर त्याचे केंद्रच आहे. अनेक डॉक्टर दुसऱ्याने केलेली हौसेची शस्त्रक्रिया अर्ध्यावर घ्यायला नकार देतात आणि त्यांचे फारसे चुकत नाही. होकार लेखी घ्या, आणि तो मिळाला नाही तर तिकीट काढू नका.

केंद्र निवडताना काय विचारायचे

तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाकडे आणि मधल्या एजन्सीकडेही आरोग्य मंत्रालयाचे आंतरराष्ट्रीय आरोग्य पर्यटनाचे अधिकारपत्र लागते, हा नियम २०१७ पासून आहे. दोघांचेही मागा. एजन्सीचे आहे आणि रुग्णालयाचे नाव 'नंतर कळवू', असे असेल तर फोन ठेवा.

व्हिडिओवर बोलताना 'यशाचा दर किती' हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर नेहमी ९८ टक्के येते. त्याऐवजी हाडे लांबवण्यातले नावाजलेले शल्यविशारद डॉ. ड्रोर पेली यांची जुनी वर्गवारी वापरा. अडचणी तीन प्रकारच्या: औषधाने किंवा व्यायामाने सुटलेल्या, पुन्हा शस्त्रक्रिया करून सुटलेल्या, आणि शेवटपर्यंत राहिलेल्या. गेल्या वर्षीच्या रुग्णांत प्रत्येक प्रकारच्या किती, ते विचारा. जो शल्यविशारद हे आकडे देतो आणि दुसऱ्या प्रकारात शून्य सांगत नाही, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. शस्त्रक्रिया नेमकी कोण करणार, लांबवण्याच्या काळात तपासायला तोच येणार की सहायक, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हेही.

समाजमाध्यमांवर प्रश्नांना उत्तरे देणारे 'आधीचे रुग्ण' बरेचदा कमिशनवर असतात. पाच वर्षांपूर्वी केलेल्या माणसाशी बोलायला मिळाले तर तेच खरे.

करारात एकेक ओळ तपासा: फिजिओथेरपीचे सत्र किती, एक्स-रे किती, चौकट काढण्याची शस्त्रक्रिया धरली आहे का, हाड लवकर जुळले आणि पुन्हा कापावे लागले तर पैसे कोणाचे, हाड धरलेच नाही तर कोणाचे, आणि वर्ष-दोन वर्षांनी सळई काढण्याचे कोणाचे. शेवटची ओळ बहुतेक पॅकेजांत नसते. त्यासाठी दुसरी इस्तंबूल वारी आजच खर्चात धरा, आणि अंदाजे खर्चाच्या वर एक चतुर्थांश रक्कम बाजूला ठेवा.

पैसे आणि विमा

भारतातून पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जातात, मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी २.५ लाख डॉलर. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरताना कारण 'वैद्यकीय उपचारासाठी प्रवास' याच कोडखाली टाका, एस ०३०४. रुग्णालयाचे अंदाजपत्रक सोबत ठेवा, बँक ते मागू शकते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, नाही. त्यावरच्या रकमेला वैद्यकीय कारणासाठी दर कमी आहे, बहुतेक इतर कारणांसाठी तो २० टक्के, आणि चुकीचा कोड पडला की लाखोंची रक्कम विवरणपत्र भरेपर्यंत अडकते. चालू दर बँकेत विचारून घ्या. पैसे रुग्णालयाच्या खात्यावर पाठवा, कोणा व्यक्तीच्या नाही, आणि पूर्ण रक्कम आधी नाही.

विमा इथे जवळपास कामाचा नाही. भारतीय आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सर्व कंपन्यांत सारखेच अपवादाचे कलम आहे, आणि प्रवासविमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचीच काय, तिच्या गुंतागुंतीचीही भरपाई देत नाही. तिथल्या केंद्राकडे गुंतागुंतीचा वेगळा विमा मिळतो का ते विचारा.

व्हिसा

तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीय पासपोर्टवर हवा असेल तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा अथवा वास्तव्य परवाना लागतो. तो एकदाच प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा. वरच्या हिशेबात ३० दिवस म्हणजे काहीच नाही. म्हणून रुग्णालयाचे पत्र जोडून पासपोर्टवरचा व्हिसा काढा. बाहेरची चौकट लावणार असाल तर मुक्काम ९० दिवसांपलीकडे जाऊ शकतो. त्यासाठी तिथे पोचल्यावर उपचाराच्या कारणावरून तात्पुरता वास्तव्य परवाना, ज्याला तिथे इकामेत म्हणतात, काढावा लागतो. अर्जाची भेट आधीच ठरवायला केंद्राला सांगा. सोबतच्या माणसाचाही तोच प्रश्न आहे, त्याचे कागद विसरले जातात.

सोबत माणूस हवाच. पहिले सहा आठवडे एकट्याने काढता येत नाहीत, कोणी काहीही सांगो.

घर

इस्तंबूल टेकड्यांवर वसलेले आहे, जुन्या इमारतींना पायऱ्या असतात. व्हीलचेअरची रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर, म्हणून दरवाजे किमान ७५ चे हवेत, बाथरूमचा सुद्धा. घरमालकाला टेप लावून फोटो पाठवायला सांगा. लिफ्टमध्ये खुर्चीसह माणूस मावतो का, तेही. शॉवरमध्ये बसायची खुर्ची, कमोडची उंची वाढवणारे आसन, पलंगाजवळ हात पोचेल असा प्लग. भारतीय तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा बसतो. केंद्रापासून टॅक्सीने २० मिनिटांच्या आत राहा, कारण आठवड्यातून पाच-सहा वेळा जायचे आहे.

खायला काय हा प्रश्न तिथे फार अवघड नाही. दही, चीज, अंडी, मसूर भरपूर मिळते. मेतकूट आणि इसबगोल मात्र न्या. इसबगोलचे कारण चवीशी संबंधित नाही: वेदनाशामक ओपिऑइडने पोट घट्ट बसते आणि दोन्ही पाय बांधलेल्या माणसाला ते फार जाचते. ट्रॅमाडॉलसारखी औषधे इथून न्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी मूळ प्रत इंग्रजीत, कारण तिथे या गटावर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांचे कडक नियंत्रण आहे.

पहिले तीन दिवस

दोन्ही मांड्यांची पोकळी एकाच दिवशी कोरली की मज्जेतली चरबी रक्तात जाण्याचा धोका असतो. पहिल्या २४ ते ७२ तासांत दम लागणे, गोंधळल्यासारखे बोलणे, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके, यातले काहीही दिसले तर सोबतच्या माणसाने लगेच नर्सला बोलवावे, सकाळपर्यंत थांबू नये. पोकळीतला दाब कमी करायला कोरण्याआधी हाडाला छोटी छिद्रे पाडतात, आणि हीच छिद्रे पुढे कापण्याच्या जागी असतात. तुमचा शल्यविशारद हे करतो का, विचारायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, पोटरी दगडासारखी घट्ट आणि बोटे हलवली तरी असह्य कळ, औषधाने न उतरणारी. स्नायूच्या कप्प्यात दाब चढल्याची ती खूण, आणि ती तासांची लढाई असते. रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन पोटाच्या कातडीत रोज घेतात, ते किती दिवस चालू ठेवायचे हे लेखी घ्या. ते घरी स्वतः टोचायला इथेच शिकून घ्या.

लांबवण्याचे दिवस

बाहेरची चौकट असेल तर मळसूत्राचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे ०.२५. सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ असा दर वेळी पाव फेरा, दिवसात चार. चौकोनी नटाच्या बाजूंवर १ ते ४ आकडे असतात किंवा मार्करने घालून घ्या, आणि प्रत्येक फेऱ्याची वहीत खूण करा. चुका इथेच होतात: दोघांनी एकच फेरा दोनदा दिला, किंवा उलटा दिला. दिशेचा बाण चौकटीवर चिकटपट्टीने लावा. एक पाना जास्तीचा ठेवा. चुंबकी सळईत दर वेळी यंत्र आधी ठरवलेल्या खुणेवरच धरावे लागते, खूण पुसट झाली की पुन्हा गडद करा. एक-दोन दिवस सळई लांबली नाही असे बरेचदा पुढच्या एक्स-रेमध्येच कळते. एक्स-रे दर १० ते १४ दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची लांबी आकड्यात विचारा.

फिजिओथेरपी रोज एक ते दोन तास थेरपिस्टकडे आणि त्याहून जास्त घरी. मांडीवाल्यांनी दिवसातून दोनदा पालथे झोपायचे, अर्धा-अर्धा तास, नाहीतर खुब्याचा पुढचा स्नायू आखडतो आणि उभे राहिल्यावर कंबर पुढे, नितंब मागे असे विचित्र दिसते. गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि किती वाकतो, हे रोज मोजून लिहा. वाकणे ४५ अंशांच्या खाली आले की लांबवणे थांबवणे किंवा हळू करणे भाग असते. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा मोह होतो, तेवढेच करू नका. सगळ्यात सुखाची अवस्था आणि आखडण्याची अवस्था एकच असते. नडगीवाल्यांनी रात्री पाऊल काटकोनात धरणारी पट्टी न चुकता बांधावी.

पिनांच्या भोकांजवळ थोडा पातळ स्राव आणि लाली येणे रोजचेच आहे. रोज स्वच्छ करून कोरडी पट्टी. पू, भोवती वाढती लाली, पिन हलली की कळ, ताप, हे झाले तर त्याच दिवशी दाखवा. गोळीने आटोक्यात येते ते तीन दिवस उशिरा सलाइनवर जाते.

पायाचा अंगठा वर उचलता येत नाही, किंवा पावलाचा वरचा भाग बधिर झाला, तर पुढचा फेरा देऊ नका आणि फोन करा. मज्जातंतू ताणला गेला आहे. एक-दोन दिवस थांबून, वेग निम्मा करून तो बहुतेक वेळा परत येतो, पण दुर्लक्ष करून रेटले तर पाऊल लोंबते राहते. 'अजून अर्धा सेंटिमीटरच राहिला आहे' या वाक्याने जितके पाय बिघडले तितके जंतूंनीही बिघडले नसतील.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या हाड भरण्याच्या काळात टाळतात, कारण त्या नव्या हाडाला अडथळा करतात. आपल्याकडे त्या डोकेदुखीलाही घेतल्या जातात, सोबतच्या माणसालाही हे माहीत असू द्या. रात्रीची जळजळणारी, करंट बसल्यासारखी कळ साध्या वेदनाशामकाने जात नाही, तिच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात. ते मागा, सोसत बसू नका. आणीबाणीत तुर्कस्तानचा क्रमांक ११२.

परतीचे विमान

लांबवणे पूर्ण होईपर्यंत तिथेच राहा. पैसे कमी पडतात म्हणून चौथ्या आठवड्यात यंत्र घेऊन परत येणारे बरेच आहेत, पण घरी आल्यावर एक्स-रे पाहून वेग बदलणारा माणूसच नसतो. रजा किंवा पैसा पुरत नसेल तर ६.५ ऐवजी ४.५ सेंटिमीटर करा.

विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्या आणि व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगा. मुंबईपर्यंत सुमारे साडेसहा तास. मांडीला बाहेरची चौकट असेल तर साध्या सीटमध्ये बसता येत नाही, म्हणून चौकट काढल्यावरच उडा. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन किंवा गोळी प्रवासाआधी घ्यावी का, ते विचारून ठेवा. दर तासाला घोटे हलवा, पाणी प्या. सळईमुळे धातुशोधक वाजेल, म्हणून इंग्रजीतले पत्र आणि एक्स-रेचा फोटो हाताशी. चुंबकी यंत्र आणायचेच असेल तर त्यात जोरदार चुंबक असतात, कंपनीला आधी सांगितल्याशिवाय सामानात टाकू नका.

केंद्राकडून निघताना घ्यायचे: शस्त्रक्रियेची नोंद, तिथे एपिक्रिझ म्हणतात तो डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, सर्व एक्स-रे मूळ डिजिटल स्वरूपात, सळईचे स्टिकर, आणि सळई काढायला कोणते अवजार लागते त्याचे नाव. शेवटचे फारच थोडे लोक मागतात. प्रत्येक कंपनीच्या सळईच्या डोक्याचे आटे वेगळे असतात, आणि ते अवजार भारतात नसेल तर इथला डॉक्टर ती काढू शकत नाही.

घरी आल्यावर

महिन्याला एक एक्स-रे. त्यात हाडाच्या चार भिंती मोजतात, पुढून काढलेल्या चित्रात दोन आणि बाजूने काढलेल्या चित्रात दोन. चारपैकी तीन भिंती सलग जुळल्या की पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळते, त्याआधी नाही. चालताना दुखत नाही हा पुरावा नव्हे. सळई वाकते किंवा तुटते ती नेमकी याच टप्प्यावर, जेव्हा माणसाला बरे वाटायला लागते आणि तो कुबड्या बाजूला ठेवून जिना उतरतो. हाड दोन महिने पुढे सरकत नसेल तर तंबाखू, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने पहिल्यांदा तपासा, मग पुढच्या उपायांचे बोला. दम लागणे, छातीत कळ किंवा एकाच पोटरीला सूज आली तर थेट मोठ्या रुग्णालयात, फिजिओकडे नाही.

चुंबकी सळई अंगात असेपर्यंत शल्यविशारदाला विचारल्याशिवाय एमआरआय करून घेऊ नका. हे ओळखपत्रासारखे पाकिटात लिहून ठेवा, अपघातात बोलता येत नसेल तर उपयोगी पडते.

सळई काढायची ती साधारण एक ते दोन वर्षांनी, चारही भिंती जाड झाल्यावर. काढल्यानंतर हाडात स्क्रूंची भोके आणि मधली रिकामी पोकळी राहते, त्यामुळे काही आठवडे कुबडी, आणि धावणे, उड्या, फुटबॉल साधारण तीन महिने बंद.